पिक्चर न बघता दिलेली मतं

आमच्या घरात पिक्चरबद्दल मतं द्यायची पद्धत होती, पिक्चर बघायची नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात, पण आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. माझे वडील, आप्पा, सांगलीतल्या एका टॉकीजची रिक्षा फिरवायचे. म्हणजे तीन चाकांची रिक्षा, तिच्या दोन्ही अंगांना पिक्चरचे बोर्ड बांधलेले, टपावर कर्णा, आणि आत आप्पा, बॅटरी आणि टेप. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की गणपती पेठ, विश्रामबाग, माधवनगर, कुपवाड असा त्यांचा फेरा असे, आणि पिक्चर फारच जोरात असला तर थेट तासगावपर्यंत. सुरुवातीला ते स्वतः माईकवर बोलत. पुढे घसा बसायला लागला तशी त्यांनी कॅसेट काढली आणि तिच्यात ‘प्रेक्षक काय म्हणतात’ असा एक भाग घातला. ही कल्पना सर्वस्वी त्यांची. तिचा त्यांना इतका अभिमान होता की घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कॅसेट ऐकावी लागे. आता शुक्रवारी सकाळी प्रेक्षकांची मतं हवीत, तर गुरुवारी प्रेक्षक आणायचे कुठून? म्हणून प्रेक्षक आम्हीच झालो.

गुरुवारी दुपारी जेवणं उरकली की आई खिडकीला दोन वाकळा बांधायची, शेजारचा पाण्याचा पंप ऐकू येऊ नये म्हणून. स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं आणि पोळपाटावर टेप ठेवायचा. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचं हे काम माझं. मग आप्पा पिक्चरची गोष्ट थोडक्यात सांगत. ती त्यांनाही टॉकीजच्या मॅनेजरने सांगितलेली असे, आणि त्या मॅनेजरने तरी पिक्चर पाहिलेला असे की नाही देव जाणे. त्या वर्षांत परदेशी अक्राळविक्राळ जनावरांचे पिक्चर हिंदीत बोलके होऊन आमच्याकडे यायला लागले होते. कधी सुसर, कधी साप, कधी कुणालाच नाव न सांगता येणारं काहीतरी. आप्पांचं म्हणणं असं की मत देणाऱ्याने आधी घाबरलो म्हणावं आणि मग पोराबाळांना घेऊन या म्हणावं. आई म्हातारी बाई व्हायची. ‘बाई गं बाई, म्या तर पदरच घेतला डोळ्यावर, पर बोटातनं बगत हुते,’ हे तिचं ठरलेलं मत आणि ते प्रत्येक पिक्चरला चालायचं. मी कॉलेजची मुलगी, खरं तर तेव्हा मी दहावी नापास होऊन घरी बसले होते. आणि माझा थोरला भाऊ, दत्तादादा, उरलेलं सगळं व्हायचा. तो तासगावचा बेदाण्याचा व्यापारी व्हायचा, लष्करातून सुट्टीवर आलेला जवान व्हायचा, मिरजेचा डॉक्टर व्हायचा, आणि शेवटी पाण्याच्या रिकाम्या घागरीत तोंड घालून जनावर व्हायचा. ती डरकाळी आम्ही घरात ऐकायचो तेव्हा हसून मुरकुंडी वळायची, आणि तीच कर्ण्यातून आली की बाजारातल्या म्हशी खुंट्याला हिसके द्यायच्या. एकदा मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी पुन्हा सगळं बोलायला लागणार म्हणून वैतागले, पण आप्पा म्हणाले राहू दे, लोकांना वाटेल पब्लिकनं शिट्ट्या मारल्या.

खरी मतं घ्यायचा प्रयत्न आप्पांनी एकदाच केला. टॉकीजच्या बाहेर, खेळ सुटल्यावर, माईक घेऊन ते उभे राहिले. एकाने खुर्चीतल्या ढेकणांबद्दल सांगितलं. एका बाईंना फक्त चप्पल हरवल्याचं सांगायचं होतं. मेंढरं घेऊन आटपाडीकडून आलेला एक म्हातारा मात्र माईकसमोर बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि म्हणाला, एवढं जड जनावर पळतंय आन् भुईवर खूर उमटंना, म्हंजी ते तितं न्हाईच. आप्पांना ते मत पटलं, दादाला तर फारच आवडलं, पण रिक्षावर ते वाजवणार कसं? ट्रिकसीन हा शब्द आमच्याकडे तेव्हा कौतुकाचा होता. पिक्चर कसा आहे विचारलं तर लोक म्हणायचे, ट्रिकसीन लय हायत, म्हणजे चांगला आहे. जनावर खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि ते किती झकास खोटं आहे यावर टपरीवर भांडणं व्हायची. आत माणूस बसवलाय म्हणणारा एक गट, रबराचं आहे म्हणणारा दुसरा, आणि नुकताच उगवलेला तिसरा म्हणायचा की ते कॉम्प्युटरच्या आतच जन्मतं. म्हाताऱ्याची कॅसेट पुढच्या गुरुवारी आईच्या ‘बाई गं बाई’खाली पुसली गेली. मतं भरायची कॅसेट एकच होती, तिच्यावर पुन्हा पुन्हा भरायचं, असाच आमचा कारभार.

दादा आयटीआय करून कुपवाडला एका कारखान्यात लागला होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तो कारखानाही आता तिथे नाही. पत्र्यातून भाग काढायचा प्रेस होता. पत्रा लहान असला तर एकच माणूस पुरे, मोठा असला की दोघं लागत. दादा पत्रा आत सरकवून बसवायचा आणि त्याचा जोडीदार संपत पॅडलवर पाय द्यायचा, की प्रेस खाली येई. संपत वडूजकडचा. कुपवाडला खोली घेऊन राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा. गावाहून आला की घरची मटकी आणायचा, पिशवी दारातच आईच्या हातात देऊन म्हणायचा, काकू, कोरडवाहू हाय, शिजायला येळ लागंल. बोलायला फार नाही, पण खायला दणकट. आईच्या हातची कढी आणि भाकरी तो अशी खायचा की आईला दुसऱ्यांदा भाकरी थापायला बसावं लागे आणि ती खुशीत बसे. भडंग करायचं असलं की कांदा चिरायला तोच बसायचा, डोळ्यातून पाणी काढत, एक अक्षर न बोलता. दादाचं आणि त्याचं कसं जमलं कोण जाणे. दादा बोलत सुटायचा आणि संपत ऐकत बसायचा, एवढंच असावं.

मग दादाचा हात गेला. उजवा. चारही बोटं आणि निम्मा तळवा. अंगठा तेवढा राहिला. हे मी असं तुटक लिहिते आहे कारण मला ते असंच आठवतं. निरोप घेऊन आलेला माणूस दारात उभा होता, आईचे हात पिठाचे होते, तिने ते धुतले नाहीत, तशीच मिरजेच्या दवाखान्यात गेली. मी मागे राहून गॅस बंद केला आणि कणीक झाकून ठेवली. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला सख्ख्या भावाचा हात गेल्यावर काही वाटू नये याची मला आज लाज वाटते, पण खोटं लिहून उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी संपत दवाखान्यात केळी घेऊन आला. तोवर घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की चूक त्याची, पाय त्याचा होता, त्याने न बघता दाबला. आईने त्याला दाराच्या बाहेरच अडवलं. तो म्हणाला, काकू, मी विचारलं हुतं. तेवढंच, दोनदा म्हणाला. आई म्हणाली, तू माझ्या दारात पुन्हा येऊ नगंस. केळी त्याने बाकावर ठेवली आणि गेला. ती कुणी खाल्ली नाहीत. आत दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं, पण तो बोलला नाही.

आणि मग तो बोलेचना. म्हणजे मुका झाला असं नव्हे. पाणी पाहिजे, नको, जेवलो, एवढं बोलायचा. पण जो माणूस घागरीत तोंड घालून गल्ली हादरवायचा तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात बसून डाव्या हाताने शेंगा फोडायचा, आणि फोडलेल्या शेंगा तशाच ताटलीत पडून राहायच्या. डॉक्टर म्हणाले, त्याला टोकू नका, बोलेल तेव्हा बोलेल, एकदा रडला की मोकळा होईल. आई वाट बघत बसली. तिच्या लेखी तेव्हा जगात दुसरं काम उरलं नव्हतं, हा एकदा बोलू दे, एकदा रडू दे. घर गप्प झालं. आम्ही भांडी सावकाश ठेवायला लागलो. गुरुवारची मतं मी, आई आणि आप्पा मिळून कशीबशी भरायचो आणि त्यात जनावर नसायचं. संपत एकदा रविवारी गल्लीच्या तोंडाशी उभा होता, मी पाहिलं. मी आत आले आणि दार लोटून घेतलं. आईला सांगितलं नाही, दादालाही नाही.

पावसाळा संपता संपता एक मोठा पिक्चर आला. एक बेट, त्यावर खजिना शोधायला गेलेली माणसं, आणि जमिनीतून वर येणारं सहा पायांचं, पालीच्या अंगाचं जनावर. मिरजेला तो आधीच लागला होता. आप्पांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, ह्या येळी बघून मत द्यायचं, सगळ्यांनी चला. आम्ही चौघं दुपारच्या खेळाला मिरजेला गेलो. सगळ्या घराने मिळून पाहिलेला तो आमचा पहिलाच पिक्चर. आईने खरोखर पदर डोळ्यांवर घेतला आणि खरोखर बोटांतून पाहिलं. मला जनावर आवडलं. त्याची कातडी ओली होती, श्वास घेताना बरगड्या वरखाली व्हायच्या. मग त्याने एका माणसाचा हात खांद्यापासून ओढून काढला. पब्लिकने छप्पर उडेल अशा शिट्ट्या मारल्या. तो माणूस ओरडत होता, ओरडतच होता. आईने माझा दंड धरला आणि आम्ही तिघांनीही एकदम दादाकडे पाहिलं. दादा डाव्या हाताने पुडीतले फुटाणे खात पडद्याकडे बघत होता, जसा बस कधी येते बघावं तसा.

आता माझा भाचा ओंकार, दादाचाच मुलगा, अशाच पिक्चरांवर फोनमधून मतं देतो. हजारो लोक ती ऐकतात म्हणे. मागच्या महिन्यात तो साताऱ्याला माझ्याकडे आला, मला अशाच एका पिक्चरला घेऊन गेला आणि बाहेर पडल्या पडल्या फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, आत्या, व्हीएफएक्स कसं वाटलं, एका वाक्यात सांग. त्याच्या आजोबांचं रक्त आहे, दुसरं काय! पण माझं तोंडच उघडेना. त्याला वाटलं आत्या लाजली. तो म्हणाला, बाबांना विचारलं तर तेही असंच करतात, कधी मतच देत नाहीत. मी म्हटलं, देत नसतील. मग घरी येऊन त्याला पोहे करून घातले.

मिरजेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, वाकळा बांधून झाल्या. आईचं मत झालं, माझं झालं. आप्पांनी माईक हातात घेतला आणि एकदम दादासमोर धरला. हे काही ठरलेलं नव्हतं. ते म्हणाले, दत्ता, प्रेक्षक म्हणून बोल. पिक्चर कसा वाटला? दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ही कॅसेट कुपवाडला जाणार का?” कित्येक दिवसांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. आप्पा घाईघाईने म्हणाले, जाणार की, उद्या तीनच्या पाळीला गेटवरच उभी करतो रिक्षा. मग दादाने घसा साफ केला. मी बटणं दाबलीच होती.

“ट्रिकसीन एक नंबर हायत,” दादा म्हणाला. “जनावर खरं वाटतं.” थोडा थांबला. “माणसं खोटी वाटत्यात. त्यो हात गेल्यावर वरडतो. तसं वरडत न्हाई माणूस. आधी दुखतच न्हाई. पत्रा वाकडा बसला म्हणून मला राग आलता, मी पत्र्याकडंच बघत हुतो. मग हाताकडं बघितलं. संपतनं विचारलं हुतं. दर पत्र्याला विचारतो त्यो, ‘हं?’ म्हणून, आन् मी ‘व्हय’ म्हणतो, मग पाय देतो. दिवसभर तेच. हं, व्हय. हं, व्हय. त्या येळंला हात आतच हुता आन् तोंडातनं व्हय गेलं. सवयीनं गेलं. त्यानं पाय दिला. त्याचं काय चुकलं न्हाई.”

तो एका सुरात बोलला, किराणा दुकानात यादी सांगावी तसा. रडला नाही. आईचा हात तोंडावर होता. टेपची चाकं फिरत होती आणि मला ती थांबवायचं सुचत नव्हतं. आप्पांनी माईक मागे घेतला, स्वतःच्या तोंडाशी नेला, आणि त्यांच्या कर्ण्याच्या आवाजात, शुद्ध, खणखणीत, म्हणाले, “तर रसिकहो, ऐकलंत ना प्रेक्षकांचं मत? आजच पाहा, सहकुटुंब पाहा, दररोज चार खेळ.” मग त्यांनाच काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी माईक पोळपाटावर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. या एका वाक्यासाठी मी पुढे कित्येक वर्षं आप्पांवर राग धरला. आता नाही. माईक हातात असला की दुसरं काही म्हणायचं त्यांना आयुष्यात कुणी शिकवलंच नव्हतं. दादा उठला, माठातलं पाणी प्यायला, आणि म्हणाला की भूक लागली आहे. आईने त्याला दहीभात कालवून दिला आणि त्याने सगळा संपवला.

कॅसेट जुळवायचं काम माझ्याकडे आलं. आप्पा संध्याकाळी परतले ते माझ्याकडे न बघता म्हणाले, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तूच बघ. आमच्याकडे दोन टेप होते. एकात मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यात कोरी, आणि हवं तेवढंच दुसरीत घ्यायचं. आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “त्यानंच हात घातला म्हणतील लोक. ते कुणाला ऐकवू नगंस.” पण मी आईवर ढकलणार नाही. आई नसती म्हणाली तरी मी तेच केलं असतं. मत लांबलं की लोक पुढे निघून जातात हे आप्पांनी मला शिकवलं होतं, आणि मी ते कानाने ओळखायला शिकले होते. ‘जनावर खरं वाटतं’ इथे वाक्य छान संपत होतं. तिथे मी बटण दाबलं. त्याच्या पुढे आईचं ‘बाई गं बाई’ आणि आप्पांचं ‘दररोज चार खेळ’ जोडलं. मग आप्पांना हव्या असलेल्या पुढच्या आठवड्याच्या जाहिरातीसाठी मूळ कॅसेट मागे फिरवली आणि तिच्यावर हळदी बाजारातल्या साड्यांच्या सेलची जाहिरात भरली. स्वतःच्या आवाजात. दादा शेवटी बोलला, जेवला, आता सगळं मार्गी लागेल, एवढाच विचार डोक्यात होता. संपतचं नाव त्या बोलण्यात होतं हे मी ऐकलं होतं. पण ते कुणासाठी होतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

शुक्रवारी दादा स्वतःहून म्हणाला, मी बी येतो कुपवाडला. आईला किती आनंद झाला ते काय सांगू. तिने लांब बाह्यांचा शर्ट इस्त्री करून दिला. निघताना हातावर दही ठेवायला ती वाटी घेऊन आली, चमचा उचलला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग दादाने डावा तळवा पुढे केला. हँडबिलं वाटायला आप्पांनी मलाही बरोबर घेतलं. तीनला दहा कमी असताना आम्ही गेटसमोर रिक्षा लावली. ऊन चांगलंच होतं. भोंगा झाला आणि माणसं बाहेर यायला लागली, कुणी सायकली ढकलत, कुणी लुना सुरू करत. दादाला ओळखणारे पुष्कळ होते, पण जवळ कुणी आलं नाही, लांबूनच माना हलवल्या. दादा रिक्षाच्या बाहेर येऊन उभा राहिला. उजवी बाही खाली ओढलेली. तो गेटकडे बघत होता.

संपत सगळ्यात शेवटी आला. खूप बारीक झाला होता. त्याने रिक्षा पाहिली, दादाला पाहिलं आणि सायकल हातात धरून जागच्या जागी थांबला. दोघांमध्ये वीस पावलं असतील. तेवढ्यात कर्ण्यातून दादाचा आवाज आला, ट्रिकसीन एक नंबर हायत. पाळी सुटलेली माणसं वळली. संपतने मान वर केली. दादा त्याच्याकडे बघत होता आणि मी पाहिलं, त्याचे ओठ कॅसेटबरोबर हलत होते. जनावर खरं वाटतं. आणि मग कर्ण्यातून आई म्हणाली, बाई गं बाई, म्या तर पदरच घेतला डोळ्यावर. आजूबाजूचे हसले. संपत आणखी थोडा वेळ उभा राहिला. पुढे काहीतरी येईल असं त्यालाही वाटलं असावं. आप्पांचं ‘सहकुटुंब पाहा, दररोज चार खेळ’ झालं, कॅसेट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेव्हा त्याने मान खाली घातली, सायकलवर टांग टाकली आणि गेला.

दादा माझ्याकडे वळला. “बाकीचं?” त्याने विचारलं.

“ते पिक्चरबद्दल नव्हतं,” मी म्हणाले.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने डावा हात पुढे केला तेव्हा मला वाटलं मारतोय. त्याने माझ्या हातातली निम्मी हँडबिलं घेतली आणि आजूबाजूच्या माणसांना वाटायला लागला. वीस पावलं चालून जाऊन त्यानेच का सांगितलं नाही, संध्याकाळी संपतच्या खोलीवर का गेला नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. विचारणारी मी कोण, हेही विचारलं आहे. समोर उभ्या माणसाला जे सांगता येत नव्हतं ते त्याने एकदाच कर्ण्यातून सांगायचं धाडस केलं होतं. पुन्हा केलं नाही. पुढे तो हळूहळू माणसांत आला, झेरॉक्सचं दुकान काढलं, लग्न झालं, आता तर नको इतकं बोलतो. पण त्या दुपारबद्दल कधीच नाही.

संपत महिन्याभरात काम सोडून वडूजला गेला असं कानावर आलं. तिथेही जोडीदाराचा हात घालवलेला म्हणूनच त्याला ओळखतात, असं मागाहून कुणीतरी सांगितलं. मी पुढे दहावी सुटले, शिकले, साताऱ्याला शाळेत लागले आणि तिथेच राहिले. साताऱ्याच्या स्टँडवरून वडूजची गाडी दिवसभर असते. दोन तास लागतात. मी एकदाही बसले नाही. आई गेली, आप्पा गेले, त्यामुळे ते मत ऐकलेली माणसं आता दोनच उरलीत, आणि त्यातला एक बोलणार नाही. तर संपतने विचारलं होतं. दादा व्हय म्हणाला होता. हात तेव्हा आत होता.